गाडी लीन झाली

जावयाचं मत असं होतं की जगात दुखणी दोनच. एक, पाणी येत नाही. दुसरं, पाणी थांबत नाही. बाकी सगळी या दोघांची पोरंबाळं. इमारतींचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य गेल्यावर माणसाचं असं मत झालं, तर त्याला बोल लावता येत नाही. म्हणून बायकोची गाडी चढावर गुदमरायला लागली तेव्हा त्यानं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि ते बाहेर काढायच्या आधीच निदान सांगून टाकलं.

"वर पाणी पोचत नाहीये."

"पेट्रोल," बायको म्हणाली.

"तेच ते."

घरामागच्या अंगणात, भिंतीलगतच्या खुर्चीत बसून आप्पा हे ऐकत होते. आप्पा म्हणजे बायकोचे वडील. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. आधी छापखाना बंद पडला, मग त्यांची पत्नी गेली, आणि मग लेकीनं त्यांना आपल्याकडे आणलं. इथं त्यांना कशाची ददात नव्हती. काम मात्र नव्हतं. "तुम्ही बसा हो आप्पा," हे वाक्य दिवसभरात इतक्यांदा कानावर पडायचं की आपण माणूस आहोत की आणखी एक खुर्ची, अशी त्यांना शंका यायची. मग ते वर्तमानपत्र घ्यायचे आणि तांबड्या पेन्सिलीनं त्यातल्या चुका काढत बसायचे. वर्तमानपत्राला याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी ते सुधारलं असतं असं नाही.

लेक शाळेची बस चालवायची. बसला वेगाची वेसण घातलेली होती. पाय कितीही दाबा, बस आपली म्हशीच्या चालीनं. लेकीला त्याचं वाईट वाटत नव्हतं, पोरं आत असताना ते बरोबरच होतं. पण लहानपणापासून तिच्या पायाला वेगाची खाज होती आणि ती काही बसच्या पॅडलवर भागत नव्हती. गावामागच्या डोंगरावर वर्षातून एक दिवस रस्ता बंद करून चढाईची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. त्यासाठी तिनं एक जुनी टर्बो गाडी घेतली होती, एका कंटाळलेल्या माणसाकडून, भंगाराहून थोड्याशा जास्त भावात.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. गेल्या वर्षी नवऱ्याला एक मोठा टर्बो स्वस्तात मिळाला आणि त्यानं तो हौसेनं बसवला. हवा दुप्पट आली. पेट्रोल होतं तेवढंच राहिलं. पाहुणे वाढले आणि स्वयंपाक कुणी वाढवला नाही, तसं झालं. चौथ्या वळणावर गाडीनं मान टाकली, आणि दोरी बांधून तिला खाली आणावं लागलं, तेही सगळ्या गावादेखत. पुढं कित्येक दिवस बसमधली पोरं चढताना विचारायची, "काकू, ढकलायला उतरू का?"

"मला जिंकायचं नाहीये," लेक म्हणाली होती. "मला फक्त एकदा वर पोचायचंय. एकदा. मग हसा काय हसायचं ते."

आणि नवराबायकोत ठरलं होतं ते असं: गाडी वर पोचली, तर ती राहील. इंजिन जळलं, तर दुसरं घ्यायची ऐपत नाही, गाडी भंगारात जाईल आणि हा विषय घरात पुन्हा निघायचा नाही. लेकीनं हे कबूल केलं तेव्हा तिचा आवाज जरा कापला. आप्पांनी ते ऐकलं आणि वर्तमानपत्राआड तोंड लपवलं.

तर आता पेट्रोल वाढवायचं होतं, आणि तेही खिशाला कात्री न लावता. नवीन सामानाची किंमत ऐकून जावयानं फोन असा ठेवला होता जसा काही तो तापला होता. मग त्यानं आपली वाट धरली. भंगारवाल्याकडून एका मोठ्या गाडीचा पेट्रोलपंप आणला. दुसऱ्या एका गाडीचे इंजेक्टर आणले. म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळ्या, चार. ते सगळे सारखेच फवारतात की नाही हे बघायचं यंत्र असतं म्हणे. जावयाकडे जॅमच्या बरण्या होत्या. अंगणात, उघड्यावर, चारी इंजेक्टर एका लाकडी फळीला अडकवून त्यानं खाली एकेक बरणी ठेवली आणि फवारा सोडला.

"सारखंच आहे," तो म्हणाला.

"नाही," खुर्चीतून आवाज आला. "तिसरी कमी आहे."

दोघांनी वळून बघितलं. आप्पा उठून आले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बरण्यांसमोर उकिडवे बसले. ओळीतला एक अनुस्वार पडला तरी ज्यांना खटकायचा, त्यांना बोटाच्या नखाएवढं पेट्रोल खटकणार नाही कसं? जावयानं पट्टी लावून बघितलं. तिसरी बरणी खरोखर कमी होती. तो इंजेक्टर पुन्हा साफ झाला, पुन्हा लावला, आणि आप्पांनी मान डोलावेपर्यंत जावयानं पुढचं काम केलं नाही.

त्या दिवशी आप्पांनी वर्तमानपत्र उघडलंच नाही.

मग आलं मीटर. हवा आणि पेट्रोल यांचं प्रमाण दाखवणारा काटा. तेही जुनंच, आणि उन्हानं त्याच्यावरची अक्षरं पार पुसली गेलेली. काटा मात्र ठणठणीत होता. अडचण अशी होती की चढावर, वळणांवर, लेकीला रस्ता सोडून काट्याकडे बघता येणार नव्हतं. आणि जावयाला, जो खोल विहिरीत दोरावर लटकून पंप काढायचा, त्याला डोंगरातल्या वळणांवर गाडीत बसलं की मळमळायचं.

"आप्पा बसतील," लेक म्हणाली.

"मी?" आप्पा म्हणाले, पण उठलेले होतेच.

जावयानं मीटर हातात देऊन समजावलं. "हे बघा आप्पा. काटा मध्ये असला की झकास. एका अंगाला गेला की गाडी लीन, दुसऱ्या अंगाला गेला की रिच. तुम्ही फक्त ओरडायचं. लीन की रिच." एवढ्यात त्याचा फोन वाजला. एका इमारतीत सकाळपासून पाणी नव्हतं आणि चौथ्या मजल्यावरच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. तो पान्हे उचलून पळाला. कुठलं अंग लीन आणि कुठलं रिच, हे सांगायचं राहून गेलं.

आयुष्यभर आप्पांचा शिरस्ता होता: शब्दाबद्दल तीळमात्र शंका आली की शब्दकोश उघडायचा. या वेळी त्यांनी तो उघडला नाही, कारण शंका आलीच नाही. लीन! हा का न समजण्याजोगा शब्द आहे? लीन म्हणजे नम्र, वाकलेला, मान खाली घातलेला. आणि रिच म्हणजे श्रीमंत, हे तर शेंबडं पोरही सांगेल. श्रीमंताची मान कुठं असते? वर. म्हणजे काटा खाली झुकला की लीन, ताठ वर गेला की रिच. आप्पांना ही व्यवस्था फार आवडली. परक्या यंत्रात आपल्या भाषेतला इतका नेमका शब्द भेटला म्हणून त्यांचा ऊर थोडा भरूनही आला.

पहिली चाचणी दगडाच्या खाणीकडे जाणाऱ्या मोकळ्या चढावर झाली. सुटीच्या दिवशी तिथं चिटपाखरू नसायचं. लेकीनं गाडी सोडली. काटा खाली झुकला.

"लीन!" आप्पा ओरडले.

चढ लागला, टर्बोची शीळ वाजली, आणि काटा हळूहळू उठत वर गेला.

"रिच! रिच!"

त्यांना काय मजा येत होती म्हणून सांगू! इतक्या मोठ्यानं ते छापखान्याच्या संपातसुद्धा ओरडले नव्हते.

घरी आल्यावर जावई डोकं खाजवत राहिला. "सुरुवातीला लीन आणि चढावर रिच? मला तर बरोबर उलटं वाटत होतं." पण काट्यापुढं शहाणपण कोण चालवणार? पेट्रोल कमीजास्त करायची एक छोटी डबी त्यानं बसवली होती. तिला दोन स्क्रू होते, एक सुरुवातीच्या धावेसाठी, एक वरच्या जोरासाठी. त्यानं पहिला सैल केला, म्हणजे पेट्रोल जास्त. दुसरा आवळला, म्हणजे पेट्रोल कमी.

दुसऱ्या चाचणीला गाडी सुरू झाली तीच काळा धूर ओकत.

"हे काय?" लेकीनं आरशात बघितलं. "पेट्रोलचा वासही येतोय."

"लीन!" आप्पांनी इमानेइतबारे सांगितलं. काटा पार तळाला गेला होता.

चढ लागला. शीळ वाजली. काटा उठला, मधली खूण ओलांडून सरळ वर गेला, आणि आप्पा उत्साहात "रिच!" म्हणायला आणि इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळल्यासारखा आवाज यायला एकच गाठ पडली. लेकीचा पाय विजेसारखा उचलला गेला. बस चालवणाऱ्या बाईचे कान पोरांच्या गोंगाटातूनही इंजिन ऐकत असतात. तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून नुसती बसून राहिली. मग ब्रेकवर पाय ठेवून, गाडी हळूहळू उताराला सोडून, ती खाली आली.

जावयानं अंगणात इंजिनातला ठिणगी टाकणारा प्लग काढला. त्याचं टोक खडूसारखं पांढरं होतं.

"ही गाडी उपाशी मरत होती," तो म्हणाला. "अजून थोडं दाबलं असतंस, तर आतलं सगळं वितळलं असतं. आणि काटा म्हणतो रिच! काटाच खोटा आहे."

"फेक ते मीटर," लेक भडकली. "नाहीतर ज्यानं विकलं त्याच्या तोंडावर नेऊन मार. माझं इंजिन गेलं असतं!"

आप्पा गाडीतून उतरून जवळ आले होते. "पांढरं टोक म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे लीन, आप्पा. पेट्रोल कमी, हवा जास्त."

"लीन म्हणजे… कमी?"

"लीन म्हणजे रोड. हडकुळा. इंग्रजीत तसंच म्हणतात ना."

आप्पांच्या पायाखालची फरशी जराशी हलली. दोघंही मीटरकडे बघत होती, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मीटर जुनं होतं, पुसलेलं होतं, त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. आप्पा गप्प राहिले असते, तर सगळा दोष मीटरच्या माथी गेला असता आणि संध्याकाळी चहा नेहमीसारखा झाला असता. हे त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण दुसऱ्याच्या चुका तांबड्या पेन्सिलीनं काढण्यात जन्म घालवलेला माणूस आपली चूक मीटरच्या नावावर कशी खपवणार?

"काटा खरा आहे," ते म्हणाले. "मी खोटा. काटा झुकला की मी लीन म्हणत होतो. लीन म्हणजे मला… झुकलेला वाटला."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जावयाच्या डोक्यात उजेड पडला आणि तो हसू दाबायला लागला. लेकीला हसू आलं नाही.

"आप्पा, विचारायचं तरी होतं! इंजिन गेलं असतं म्हणजे सगळंच गेलं असतं. तुम्हाला कळतंय का?"

"कळतंय," आप्पा म्हणाले. "मी आपला लीनच बरा." आणि ते घरात गेले.

नंतरचे दिवस ते पुन्हा खुर्चीत बसू लागले. पेन्सिलीला टोक काढायचे आणि वर्तमानपत्र न उघडता तसंच मांडीवर ठेवायचे. लेक येताजाता बघायची, काही बोलायला तोंड उघडायची आणि बसची वेळ झाली म्हणून निघून जायची. तिलाही वाईट वाटत होतं, पण माफी मागायची त्या घरात कुणालाच सवय नव्हती.

इकडे जावयाचं कोडं अर्धंच सुटलं होतं. आप्पांचं सगळं उलटं करून वाचलं तर हिशेब जुळत होता. सुरुवातीला पेट्रोल जास्त, चढावर कमी. डबीचे स्क्रू त्यानं पूर्वीच्या जागी आणले. पण चढावर कमी का? पंप तर मोठा होता. त्यानं पंप टाकीतून काढला, सरळ बॅटरीला जोडला आणि पेट्रोल डब्यात सोडलं. डबा बघता बघता भरला. तोच पंप गाडीत बसवून गाडीच्या वायरीनं चालवला, तर तेवढ्याच वेळात डबा अर्धासुद्धा भरेना. मग त्यानं पंपाच्या वायरीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. वायर गरम होती.

थोड्या वेळानं आप्पांनी खिडकीतून बघितलं, तर जावई पायरीवर डोक्याला हात लावून बसला होता. एवढा हताश तो कधी दिसला नव्हता. आप्पांना राहवलं नाही. ते बाहेर गेले.

"काय झालं, जावईबापू?"

"आप्पा, माझा धंदा काय?"

"पंपाचा."

"लोकांचा पंप का जळतो?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच रोज जेवताना सांगता. लोक वायर बारीक घालतात. पंपाला पुरेशी वीज पोचत नाही."

"बरोबर. लोकांना मी शिव्या घालतो. एवढा मोठा पंप आणि ही सुतळी कसली जोडलीय, म्हणतो. एका सोसायटीच्या सेक्रेटरीला तर सगळ्यांसमोर म्हणालो, तुम्हाला अक्कल आहे का?" त्यानं गाडीकडे बोट दाखवलं. "ही गाडीची मूळची वायर. लहान पंपासाठी केलेली. मी मोठा पंप बसवला आणि वायर तीच ठेवली. आतल्या खोलीत जाड वायरीची भेंडोळी पडलीत, आप्पा. पाय ठेवायला जागा नाही म्हणून तुमची लेक रोज ओरडते."

आप्पांनी तोंड दुसरीकडे वळवलं. खांदे हलायला लागले. मग त्यांना ते आवरेना, आणि ते पायरीवर जावयाशेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. जावई आधी रागावला, मग तोही हसायला लागला. बस लावून घरी आलेल्या लेकीनं फाटकातून हे दृश्य बघितलं आणि तिला वाटलं, दोघांना पेट्रोलचा वास चढला.

जाड वायर त्याच संध्याकाळी गाडीत गेली, सरळ बॅटरीपासून टाकीपर्यंत, मध्ये फ्यूज घालून. डेपोच्या मोडीत निघालेल्या बसमधला एक रिले लेक मागून घेऊन आली, म्हणजे जाड वायर चालूबंद करणारं बटण. या सगळ्याला घरातून दमडी गेली नाही. डबा पुन्हा भरून बघितला. या वेळी तो काठोकाठ भरला आणि जावयानं वायरीवर हात ठेवला तेव्हा ती थंडगार होती.

हात पुसत लेक आप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"आप्पा, परवा शर्यत आहे. गाडीत शेजारी एक माणूस नेलेला चालतो. बसा ना."

हा शब्द या घरात त्यांनी हजारदा ऐकला होता. पण आजचा वेगळा होता, हे त्यांना लगेच कळलं.

"दुसरं कुणी बघ. मी पुन्हा चुकलो तर?"

"चाचणीला बसा, मग ठरवा. मी त्या दिवशी ओरडले ते भीतीनं ओरडले. तुमच्यावर नव्हते ओरडत." तिनं हातातलं फडकं बॉनेटवर टाकलं. "म्हणजे, होते. पण चुकलं माझं."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ते दोन शब्द मी तोंडानं उच्चारणार नाही," ते म्हणाले.

"मग आपले ठेवू. काटा वर गेला की पेट्रोल कमी. काय म्हणाल?"

"तहान."

"आणि खाली गेला की जास्त."

"ढेकर," जावई मागून म्हणाला, आणि ते एकमतानं पास झालं.

"आणि मध्ये असला की?"

आप्पांनी विचार केला. छापखान्यात एखादी बरोबर ओळ कुणी चुकून खोडली, की ते शेजारी समासात दोनच शब्द लिहायचे. त्या दोन शब्दांनी पानावरच्या किती ओळी वाचवल्या होत्या याची गणती नाही.

"असू दे," ते म्हणाले. "मध्ये असला की, असू दे."

खाणीच्या चढावर चाचणी झाली. सुरुवातीला एक ढेकर आली, ती जावयानं स्क्रूच्या पाव फेऱ्यात जिरवली. पुढं जोर लावल्यावरही काटा मध्येच राहिला. पण खाणीचा चढ छोटा होता आणि डोंगर मोठा. चौथ्या वळणावर जो लांबलचक चढ लागतो, तिथं इंजिनावर जेवढा भार येतो, तेवढा खाणीत येत नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं.

शर्यतीच्या सकाळी जावई पायीच माथ्याकडे निघाला. गाडीनं गेलो तर वर पोचून उपयोगाचा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आप्पांना उसनं हेल्मेट मिळालं. ते इतकं मोठं होतं की मान फिरवली तरी हेल्मेट समोरच बघत राहायचं. चष्मा आत बसवायला लेकीला मदत करावी लागली. लहानपणी ती शाळेत जाताना ते तिच्या बुटाची नाडी बांधायचे, तशी ती वाकून पट्टा लावत होती. रस्त्याकडेला बसमधली काही पोरं आईबापांसोबत उभी होती. त्यातलं एक ओरडलं, "काकू, दोरी आणलीय का?"

"आणलीय, तुला बांधायला," लेक ओरडली, आणि झेंडा पडला.

पहिलं वळण. "असू दे!" दुसरं. "असू दे!" टर्बोची शीळ कानात घुसत होती, झाडं मागं पळत होती, आणि आप्पांची नजर काट्यावरून ढळत नव्हती. सकाळचा चहा प्रत्येक वळणाला वर यायला बघत होता. जावयाचं दुःख त्यांना आज कळलं. तिसऱ्या वळणाला काटा खाली डुगडुगला. "ढेकर… नाही, असू दे, असू दे!"

आणि मग चौथं वळण संपून तो लांब चढ समोर उभा राहिला.

"आप्पा, आता पूर्ण दाबू का?" लेक ओरडली. तिचा आवाज त्या दिवशीसारखाच कापला, गाडी भंगारात जाईल हे कबूल करताना कापला होता तसा.

आप्पांचं तोंड कोरडं पडलं. तहान म्हणणं किती सोपं होतं! तहान म्हटलं की ती पाय उचलेल, गाडी हळूहळू वर जाईल किंवा मध्येच थांबेल, पण इंजिन वाचेल, आणि आप्पांमुळे काही गेलं असं कुणी म्हणणार नाही. शब्द जिभेच्या टोकावर आला होता. त्यांनी काट्याकडे बघितलं. काटा मध्ये होता. थरथरत होता, पण मध्ये होता. बरोबर ओळीला भीतीपोटी खोडणं हीसुद्धा चूकच, हे त्यांच्याइतकं कोण जाणत होतं?

"असू दे!" ते ओरडले. "दाब! असू दे!"

लेकीनं काट्याकडे बघितलं नाही. बापाकडेही बघितलं नाही. तिनं पाय जमिनीला टेकेपर्यंत दाबला. एकदा ज्यांच्या शब्दानं इंजिन जवळजवळ गेलं होतं, त्यांच्याच शब्दावर तिनं सगळं इंजिन सोडून दिलं. आप्पा मागं सीटमध्ये दाबले गेले. रडायला फुरसत नव्हती. काटा बघायचा होता. "असू दे! असू दे! असू दे!" ते म्हणत राहिले, चढ संपेपर्यंत, पुढची सगळी वळणं संपेपर्यंत, आणि माथ्यावरची पांढरी रेघ मागं गेल्यावरही. शेवटी लेकीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आप्पा. पोचलो."

नंबर काही आला नाही. कुठं तरी मधल्या घोळक्यात त्यांचं नाव होतं, आणि ते बघायला कुणी गेलंही नाही. जावई धापा टाकत धावत आला. त्यानं ना बायकोला मिठी मारली, ना सासऱ्याच्या पाठीवर थाप. तो सरळ बॉनेटमध्ये शिरला. इंजिन जरा निवल्यावर फडक्यात धरून त्यानं प्लग काढला, आणि स्वतः न बघता तो आप्पांपुढं धरला.

"तपासा."

आप्पांनी हेल्मेट काढलं, चष्मा नीट केला आणि प्लग उजेडात फिरवून फिरवून बघितला. टोक पांढरं नव्हतं, काळंही नव्हतं. छान भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचं होतं.

"चूक नाही," ते म्हणाले.

लेक रडत होती आणि हसत होती, आणि दोन्हीची तिला लाज वाटत नव्हती. खालच्या वळणावरून पोरांचा गलका वर येत होता. आप्पा गाडीला टेकून उभे होते. हेल्मेटनं केस विस्कटलेले, प्लग अजून हातात.

"बरं वाटतंय ना, आप्पा?" तिनं विचारलं. "बसता का जरा?"

"नको," आप्पा म्हणाले. त्यांनी मान वर केली, अगदी ताठ, त्या पहिल्या दिवशीच्या काट्यासारखी. "मी आता रिच आहे. माझ्या अर्थानं."